शेवट नेहमीप्रमाणे

शमू,

रूथला तुझा एक उपदेश हवा आहे. एकच, पण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

तू गेल्याला पाचवा आठवडा चालू आहे. परवा फोनच्या पडद्यावर ती आणि तिचा भाऊ नेथन शेजारी शेजारी बसले होते. त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ, माझ्या डोक्यावर पंखा. रूथ म्हणाली, आजी, आम्ही डिचोलीला यायचो तेव्हा शमूआजोबा काय बोलायचे ते मला अर्धंच कळायचं. आता सगळं कळून घ्यायचं आहे, अडलेले शब्द आई सांगेल. मी लगेच म्हणाले, पाठवते की, सगळे आहेत माझ्याकडे, वर्षवार लावलेले.

हे लिहिते आहे तेही त्या दोघांसाठीच. तेव्हा खरं म्हणजे इंग्रजीत लिहायला हवं होतं. त्यांना सोपं गेलं असतं आणि मलाही. पण तू इंग्रजीत कधी उपदेश केला नाहीस, आणि मी तुझ्याशी इंग्रजीत बोलले ती फक्त तुझ्या चुका काढायला. म्हणून मराठीत लिहिते आणि तुझ्याशीच बोलते. ती दोघं ऐकतील.

फोन ठेवल्यावर मी संगणक उघडला. माझ्या फाइली तुला ठाऊक आहेत. वर्ष, महिना, शास्त्रभाग, विषय. त्यावरून तू मला किती चिडवायचास. "स्वर्गात गेली की ताय तिथली कपाटं लावायला बसेल," असं तू भर मंडळीसमोर म्हणाला होतास, आणि सगळे हसले होते, मी सोडून. मी तुझा तो तळ्याकाठच्या आजारी माणसावरचा उपदेश काढला. रूथला तो आवडेल असं वाटलं. सुरेख चालला होता. अडतीस वर्षं एकाच चटईवर पडलेला माणूस, त्याला येशू विचारतो, तुला बरं व्हायचं आहे का. आणि तू लिहिलं होतंस की, हा प्रश्न ऐकून त्याला आधी रागच आला असेल. मी हसले. मग शेवटच्या पानावर आले. तिथे मी टाइप केलेली एक ओळ होती.

शेवट नेहमीप्रमाणे.

दुसरी फाइल उघडली. तिसरी. पेडण्याच्या घरसभेतली उघडली, नाताळची उघडली. मग खुर्चीतून न उठता एकेक करून सगळ्याच उघडत गेले. प्रत्येक उपदेशाच्या शेवटी, माझ्या हाताने, नीट मोकळी जागा सोडून: शेवट नेहमीप्रमाणे.

मुलांनो, हे कसं झालं ते सांगते. शमूआजोबा माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. डिचोलीच्या आमच्या लहानशा मराठी मंडळीचा पाळक. गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र येतं. बाजारातले दुकानदार त्याला पाद्री म्हणायचे, आणि तुम्ही प्रार्थना मराठीतून करता हे कसं, असं दर वर्षी कोणीतरी नव्याने विचारायचं. आमचे आजोबा वेंगुर्ल्याहून आले, ही भाषा आणि हा विश्वास बरोबर घेऊन, एवढंच तो सांगायचा. त्याने लग्न केलं नाही. उपासनागृहामागच्या दोन खोल्यांत राहिला. दर शुक्रवारी चार वाजता तो काखेत कागद धरून माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि शनिवारी सकाळी मी ते टाइप करायचे. त्याचं अक्षर असं की, माझ्या वर्गात असता तर मी वहीवर लाल शाईने 'वाचता येत नाही' असा शेरा मारला असता.

शमू, तू कुठूनही सुरुवात केलीस तरी शेवटच्या पानावर त्याच ठिकाणी यायचास. अब्राहामाचे तंबू असोत की शलमोनाच्या मंदिराची मापं असोत. हाताच्या मापाने लांबी, रुंदी, उंची सांगून झाली की पान उलटायचं, आणि पुढे वधस्तंभ आणि रिकामी कबर. पहिली काही वर्षं मी ते सगळं टाइप केलं. मग एका शनिवारी घरी पाहुणे यायचे होते, घाई होती. मी लिहिलं, 'शेवट मागच्या रविवारप्रमाणे'. तू रविवारी पान उलटलंस, ओळ वाचलीस, माझ्याकडे बघून हसलास आणि कागद खाली ठेवून शेवट तोंडीच सांगितलास.  पुढच्या शनिवारपासून मी 'नेहमीप्रमाणे' लिहायला लागले.

पण तू मात्र दर शुक्रवारी शेवट पूर्ण लिहून आणायचास. एकदा मी विचारलं की, मी टाइप करत नाही हे माहीत असून कागद का वाया घालवतोस, तूही 'नेहमीप्रमाणे' लिही. तू उंडो पाव चहात बुडवत म्हणालास, "लिहिताना मीच पहिला ऐकतो, ताय."

मी ते बोलणं सोडून दिलं आणि मेज पुसून घेतलं, कारण तू चहा सांडला होतास.

तू लिहिलेले ते कागद कुठे आहेत, असं रूथ विचारील. टाइप झाल्यावर मी त्यांचे चार चार तुकडे कापत असे. कोऱ्या बाजूवर शिकवणीच्या मुलांचं शुद्धलेखन, उरलेल्यांवर बाजाराची यादी. टाइपरायटरवरचे पहिले उपदेश, ज्यांत शेवट होता, ते तुझ्या ट्रंकेत राहिले आणि कौलं गळली त्या पावसाळ्यात त्यांचा लगदा झाला. आणि आवाज? उपासनेला आत येताना फोन दाराशी टोपलीत ठेवायचे, हा नियम कोणी केला? मीच केला. टोपलीही मीच आणली, फोंड्याच्या बाजारातून. तरुण मुलांनी रेकॉर्ड करू दे म्हणून विनवलं तेव्हा मी त्यांना शिस्त शिकवली.

तुझं सगळं मी जपलं, शमू. फक्त जे तुला सांगायचं होतं तेवढं जपलं नाही.

आपला वाद अर्धाच राहिला. खाणी बंद पडल्या तेव्हा सुर्ल्याची घरं कशी झाली होती ते तुला माझ्याहून जास्त माहीत. रस्त्याकडेला खनिजाचे ट्रक उभे, चाकांतून गवत वर आलेलं. झाडांवरची लाल धूळ एका पावसात धुऊन गेली, आणि लोक म्हणायचे, गाव इतका हिरवा बघायची सवय नाही. आपल्या मंडळीतली निम्मी माणसं त्या ट्रकांवर होती. मी तुला चार मुद्दे लिहून दिले होते, आठवतं? धीर कसा धरावा, दुसरा धंदा कसा शोधावा, मुलांची शाळा सोडवू नये, दारूपासून दूर राहावं. चांगले मुद्दे होते. आजही मी ते बदलणार नाही. तू वाचलेस, चांगले आहेत म्हणालास, आणि उपासना संपल्यावर फणसाखाली उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलेस. पण व्यासपीठावरून तू सांगितलंस ते तेच, नेहमीचं.

मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. पुढच्या शुक्रवारी तू कागद घेऊन आलास तेव्हा मी तुला दारातच अडवलं. म्हणाले की, तुझ्या मंडळीत चाळीस माणसं आहेत आणि चाळिसांनाही हे पाठ आहे. पहिलीचा धडा कोणी मॅट्रिकला शिकवतं का? तू चिडला नाहीस. म्हणालास, "पाठ आहे गं. सोमवारी विसरतात. मी तर रविवारी जेवतानाच विसरतो."

"आणि त्यांच्या घरात तांदूळ नाही त्याचं काय?"

"तांदूळ काल पोचवला. आजही नेतोय. तो मी नसलो तरी कोणीतरी देईल, ताय. हे मी नाही सांगितलं तर त्या घरात दुसरं कोण सांगणार आहे?"

मी म्हणाले, हे उत्तर नव्हे. तू म्हणालास, मग पुढच्या शुक्रवारी नीट उत्तर देतो. तेवढ्यात कोणाच्या तरी अर्जावर सही हवी होती, तू स्कूटरवर तांदळाची पिशवी बांधून निघून गेलास. त्यानंतरही शुक्रवार येत राहिले. आपण तो वाद कितीदा काढला आणि कितीदा अर्ध्यावर सोडला. मी शिक्षिका, माझं म्हणणं होतं की शिकवणं पुढे जायला हवं. तुझं म्हणणं काय होतं ते मी कधी पूर्ण ऐकून घेतलं नाही. मी ते टाइपच करत नव्हते.

आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुझे भावोजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. सगळे उपयोगाचं बोलत होते. बँकेत कोणती कागदपत्रं लागतील, गॅसचं पुस्तक कोणाच्या नावावर आहे. मीच विचारत होते आणि मीच वहीत टिपून घेत होते. तू मागच्या पायरीवर येऊन बसलास. मी तिथे आले तेव्हा तू मला तुझा नेहमीचा शेवट सांगायला लागलास. हातात पुस्तक नव्हतं. मी म्हणाले, मला माहीत आहे. तू म्हणालास, "हो. तरी ऐक." मी उभ्यानेच ऐकलं. त्या दुपारी मला तीन दिवसांनी पहिल्यांदा झोप लागली. संध्याकाळी उठले तेव्हा जनेलातून ऊन जमिनीवर आलं होतं आणि क्षणभर मला कशाचीच भीती वाटत नव्हती. हे मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद तू जिंकला असतास.

तू काय बोललास ते मला आठवत नाही. झोप आठवते.

आता ती हॉस्पिटलची दुपार. मुलांना ही सांगायलाच हवी, म्हणून लिहिते. तुझा आवाज बसला होता, डोळे उघडायलाही कष्ट पडायचे. डिस्चार्जचं कोणी बोलत नव्हतं. मी घरून तुझ्या उपदेशांचे छापील कागद नेले होते, तुला बरं वाटेल म्हणून. त्या दिवशी मेंढपाळाचा निवडला होता, हरवलेल्या मेंढराला शोधत जाणाऱ्याचा. तू डोळे मिटून ऐकत होतास. मी चांगलं वाचते, तूही म्हणायचास. शेवटच्या पानावर आले आणि थांबले. तू वाट बघत होतास. मी म्हणाले, "पुढे नेहमीचं आहे."

तू म्हणालास, "तेच वाच."

"ते लिहिलेलं नाही, शमू. तुला पाठच आहे."

तू मान किंचित माझ्याकडे वळवलीस. मग डोळे उघडलेस. "मी सगळ्यांना सांगितलं, ताय. आता मला कोणीतरी सांगायला पाहिजे."

कोणी म्हणजे कोण? खोलीत मी एकटी होते. आणि मला सांगता येईना. चौतीस वर्षं वर्गात उभी राहिले, कधी शब्दाला अडले नाही. तुझ्यासमोर ती चार वाक्यं तोंडातून निघेनात. लाज वाटली. हे तुझं काम, माझं नव्हे, असं वाटलं. तेवढ्यात नर्स सलाईन बघायला आली. मी तुझ्या पायांवरची चादर सरळ केली, कागद फाइलीत घातले आणि म्हणाले, उद्या तुझ्या जागी आलेल्या नव्या पाळकांना बोलावते, ते छान सांगतात.

ते आले. त्यांनी तुझ्या सेवेबद्दल फार आदराने सांगितलं. तू किती घरं फिरलास, किती संकटांत लोकांच्या पाठीशी उभा राहिलास. भला माणूस आहे. तू त्यांचा हात धरलास, पण बघत होतास माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

रूथच्या फोननंतर मी स्वयंपाकघरातला यादीचा डबा उलटा केला. जुन्या याद्या मी फेकत नाही, भाव बघायला ठेवते. एका तुकड्यावर माझ्या अक्षरात 'हळद, साबण, खोबरेल, नाचणी', आणि मागे तुझ्या अक्षरात अर्धी ओळ. कात्रीने कापलेली. 'म्हणून आता तुमच्याकडून देवाला'. एवढंच. पुढचा तुकडा कोणाच्या शुद्धलेखनाला गेला कोण जाणे. दर रविवारी कानांवर पडूनही तुझे शब्द मला जसेच्या तसे येत नव्हते.

म्हणून मी सुर्ल्याला मार्थाकडे गेले. मुलांनो, मार्थाचा नवरा ट्रक चालवायचा. तो वारल्याला बरीच वर्षं झाली. शमूआजोबा दर बुधवारी तिच्याकडे जायचे. आणि त्यांची एक रीत होती. कोणाच्याही घरी गेले की आधी वाचन आणि प्रार्थना, मग चहा. सुरुवातीला लोकांचा चहा गार व्हायचा आणि मला ओशाळल्यासारखं व्हायचं. मग घराघरांत बायका शिकल्या. पाळक आले तरी चुलीवर भांडं चढवायचं नाही. आधी ते काय सांगतात ते ऐकायचं, आमेन झालं की उठायचं.

मी बसले. मार्था समोर बसली, पदर सारखा केला, हात जोडले आणि डोळे मिटले. मी काहीच बोलेना तेव्हा एक डोळा उघडून म्हणाली, "आधी वाचन होऊंदे, बाई. मगे चाय."

मी सांगितलं की मी वाचायला आलेले नाही, विचारायला आले आहे. पाळक शेवटी काय सांगायचे, ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. ती हसायलाच लागली.

"तुमीच ता सगळा टायप केलात मां? आणि माका इचारतास?"

मी मान खाली घातली. मुख्याध्यापिका असताना माझ्यासमोर मुलं जशी उभी राहायची तशी मी बसले होते. मग तिला काय वाटलं कोणास ठाऊक, ती हसायची थांबली. म्हणाली की, शब्द तेच येतील की नाही सांगता येत नाही, पण मला ते असं सांगायचे. तिचे शब्द मी तिच्यासमोरच टिपून घेतले.

"ते सांगीत, मार्था, तुझा सगळा पाप येशून आपल्यार घेतला. तुझ्यासाठी तो मेलो, आणि तिसऱ्या दिसा उठलो. आता तुझ्याकडे देवाक मागूचा काय एक रवला नाय. भियां नको. अशीच ये."

मी पेन खाली ठेवलं. पिशवीत यादीचा तुकडा होता. म्हणून आता तुमच्याकडून देवाला. काही मागायचं उरलेलं नाही. ओळ पूर्ण झाली होती. तुझ्या मंडळीतली, सही करताना अजून अंगठा पुढे करणारी बाई ती पूर्ण करत होती, आणि तुझी प्रत्येक ओळ टाइप करणाऱ्या मला ती येत नव्हती. मला माझी मागची पायरी आठवली, तुझे ते शब्द आठवले. हेच होते. असेच होते.

मार्थाने पुन्हा डोळे मिटले आणि थोडी प्रार्थना केली, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मग उठून चहा ठेवला.

बसने परत येताना सुर्ल्याच्या वळणावर आता पुन्हा काही ट्रक चालू झालेले दिसले. चाकाखालची लाल धूळ खिडकीतून आत येत होती. मला वाटलं, शुक्रवारी तुला सांगेन. मग आठवलं, आज शुक्रवारच आहे. चार वाजून गेले आहेत. माझ्या स्वयंपाकघरात तुझं स्टूल अजून मेजाखालीच सरकवलेलं आहे. तू उठताना ते कधी आत सरकवायचा नाहीस, दर वेळी मीच सरकवायचे. एकदा तरी तू ते बाहेर सोडून गेलेलं दिसावं, असं फार वाटतं.

तर आता मी फाइल उघडली आहे. मेंढपाळाची. रूथ आणि नेथन, हा उपदेश तुम्हाला पाठवते आहे. शेवटची ओळ मी पुसली. त्या जागी जे लिहिते ते शमूआजोबांचं जसंच्या तसं नाही. थोडं मार्थाचं आहे, थोडं माझं. पण आधी ते त्यालाच सांगायचं आहे, कारण त्याने माझ्याकडे मागितलं होतं.

शमू, ऐक.

तू किती घरं फिरलास, किती पिशव्या पोचवल्यास, किती उपदेश केलेस, ते देवाला दाखवायची तुला गरज नाही. तू थकायचास, कंटाळायचास, कधीकधी माझ्यावर आतल्या आत चिडायचास, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत आहे. त्या सगळ्यासाठी येशू मेला. तुझं पाप त्याने स्वतःवर घेतलं, माझंही घेतलं, तो व्यवस्थितपणा आणि तो अभिमान, सगळं. ते त्याच्याबरोबर वधस्तंभावर गेलं. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि ते मागे राहिलं. म्हणून मरण तुला धरून ठेवू शकत नाही. आता तुझ्याकडून देवाला काही मागायचं उरलेलं नाही. सुधारलेलं अक्षरसुद्धा नाही. भिऊ नकोस. हरवलेल्या मेंढराला शोधत जो आला तो तुला ओळखतो. असाच जा.

हे मी त्या दुपारी सांगायला हवं होतं. चादर सरळच होती.

मुलांनो, हे तुम्हालाही आहे. पाठ झालं तरी ऐकत राहा. मीही ऐकणार आहे. आत्ता लिहिताना पहिली मीच ऐकते आहे.

झालं वाचन, शमू. आता चहा ठेवते.